ग्रेस मार्क आणि देवाची कृपा: तरुण संघाने नेमके काय करावे

प्रश्न असा आहे: मंडळीचा तरुण संघ दर शनिवारी भरतो, पंचवीस-तीस मुलेमुली येतात, गाणी होतात, वचनांचे पाठांतर होते, मे महिन्यात शिबिर होते. तरीही या मुलांना देवाची कृपा लाभली आहे असे त्यांच्या वागण्या-बोलण्यातून जाणवत नाही. ती त्यांना लाभावी म्हणून तरुणांत काम करणाऱ्यांनी काय करायचे?

कृपा आपल्या हातून दिली जात नाही, हे आधी मनाशी पक्के करावे. पाळकांच्याही हातून नाही, संघाच्या सचिवाच्याही नाही. ती देव देतो आणि फुकट देतो. आपल्याकडे दोनच कामे उरतात. जिथे ती भेटेल असे देवाने सांगून ठेवले आहे, म्हणजे वचन, प्रार्थना, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आणि विश्वासणाऱ्यांची सहभागिता, तिथे मुलांना पुन्हा पुन्हा आणून बसवणे हे एक. वाटेतले अडथळे बाजूला करणे हे दुसरे. दुसरे काम जास्त कठीण आहे, कारण त्यातले बरेच अडथळे आपणच, अगदी चांगल्या हेतूने, उभे केलेले असतात.

पहिला अडथळा शब्दातच आहे. मराठीत ‘तुमच्या कृपेने बरे चालले आहे’ असे आपण वरिष्ठांना, मोठ्यांना म्हणतो. या कृपेत उपकाराची छटा आहे, आणि उपकार म्हटला की फेड आली. त्यात दहावी-बारावीच्या मुलांना ‘ग्रेस’ म्हटले की ग्रेस मार्क आठवतात: पासाला 35 लागतात, तुम्ही 32 पर्यंत आलात, वरचे 3 बोर्डाने दिले. बहुतेक मुलांच्या डोक्यात देवाची कृपा याच चित्राने बसलेली असते. आपण बरेचसे चांगले वागायचे, थोडे कमी पडेल ते येशू भरून काढील. मग ज्याला स्वतःचे मार्क 12 वाटतात तो प्रयत्नच सोडतो, आणि ज्याला 34 वाटतात त्याला येशूची गरज एका मार्कापुरतीच उरते.

हे चित्र मुलांच्या तोंडून बाहेर काढा. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव घालायचे नाही, आणि एकच प्रश्न विचारा: ‘आज देव तुला 100 पैकी किती मार्क देईल, आणि का?’ चिठ्ठ्या गोळा करून फक्त ‘का’ची उत्तरे वाचून दाखवा. ‘रोज प्रार्थना करत नाही’, ‘मोबाइलवर नको ते पाहतो’, ‘आईशी खोटे बोलते’, ‘मी संडे स्कूलला शिकवते म्हणून’. त्यानंतर मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याचा दाखला वाचा. मजूर अड्ड्यावर कामाची वाट पाहत उभी असलेली माणसे मुलांनी पाहिलेली असतात. संध्याकाळी पाचला बोलावलेल्यालाही सकाळपासून राबणाऱ्याइतकीच पूर्ण मजुरी मिळते, तेव्हा त्यांना राग येतो. तो राग दाबू नका. ‘हे अन्यायाचे आहे’ असे कोणी म्हणाले तर दाखला त्याच्यापर्यंत पोहोचायला लागला आहे. घाईने समजावायला जाल तर तो तिथेच थांबेल.

दुसरा पाठ लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाचा, लूक 19. इथे क्रमाकडे लक्ष द्यायचे. येशू आधी म्हणतो की मला आज तुझ्या घरी उतरायचे आहे; अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलतो. आपल्या बहुतेक संघांत हा क्रम उलटा असतो. आधी दारू सोड, ते नाते तोड, नियमित ये, मग तू आमचा. मुलगा ते करू शकत नाही, दोनदा प्रयत्न करतो आणि तिसऱ्यांदा येतच नाही. मुलांना हा उतारा कागदावर देऊन ‘आधी काय झाले, नंतर काय झाले’ असे आकडे घालायला सांगितले की अर्ध्या तासात ते इफिस 2 मधली 8, 9 आणि 10 ही तीन वचने कुणी न सांगता समजू लागतात. तारण कृपेने, कर्मांनी नव्हे, आणि सत्कर्मे त्याच्या मागून. आपल्याकडे 8 आणि 9 पाठ करून घेतात आणि 10 सोडून देतात. तिन्ही एकत्रच घ्यावीत.

आता ज्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही अशी मुले: पाळकांची मुले, वडील मंडळींच्या घरातली मुले, पाठांतराच्या स्पर्धेत दरवर्षी पहिली येणारी मुलगी. लूक 15 मधल्या दोन मुलांच्या दाखल्यावर बोलताना सगळे घर सोडून गेलेल्या उधळ्या धाकट्याबद्दल बोलतात. थोरला शेतावरून येऊन दाराबाहेर उभा राहतो, आणि बाप त्यालाही आणायला बाहेर जातो, हा भाग घाईत उरकला जातो. आपल्या संघात धाकटे थोडे आणि थोरले पुष्कळ असतात. त्यांना कृपा माहीत असते, म्हणजे तिची व्याख्या येते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता. ते घडायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली 1728 मध्ये दीक्षित पाळक झाले आणि देवाने माझीही पापे क्षमा केली ही खात्री त्यांना 24 मे 1738 च्या संध्याकाळी लाभली. मध्ये दहा वर्षे उपवास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी, अमेरिकेतले मिशन काम, सारे चालू होते. या दोन नोंदी थोरल्यांना सांगाव्यात. ‘तू इतकी चांगली आहेस, तुला काय कमी’ या वाक्याने त्यांची वाट आपणच बंद करत असतो.

साप्ताहिक सभेची रचना कशी असावी? दीड तास पुरतो. पहिली 15 मिनिटे चहा आणि गप्पा; त्यात नव्या मुलाजवळ कोण बसणार हे आधी ठरलेले हवे. मग 15 मिनिटे तीन गाणी. गाणी निवडताना एक साधी तपासणी करावी: क्रियापदे बघा. ‘मी करीन, मी देईन, मी चालेन’ अशी किती आणि ‘तू केलेस, तू दिलेस, तू शोधलेस’ अशी किती? तिन्ही गाणी पहिल्या प्रकारची असतील तर एक बदला. ना. वा. टिळकांची भजने ‘उपासना संगीता’त आहेत, पण तरुणांच्या सभेत ती गायली जात नाहीत, कारण ती म्हाताऱ्यांची समजली जातात. एकच भजन घ्या, कहोन (बसून वाजवायचे पेटीसारखे तालवाद्य) आणि गिटारवर संथ बसवा, अवघड शब्दांचा अर्थ सांगा आणि चार शनिवार तेच गा. चौथ्या शनिवारी ते मुलांचे झालेले असते.

त्यानंतर 25 मिनिटे एक उतारा. दोनदा वाचायचा, दोन वेगळ्या आवाजांत. पुण्या-मुंबईत इंग्रजी माध्यमातली अनेक मुले मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. त्यांना सर्वांसमोर मराठी वाचायला लावणे हा अपमान होतो आणि त्या दिवशी त्यांच्या कानावर दुसरे काही पडत नाही. त्यांच्यासाठी सोप्या भाषेतली आवृत्ती किंवा इंग्रजी प्रत जवळ ठेवा. भाषण देणाऱ्याने 12 मिनिटांच्या पुढे जाऊ नये. शेवट ‘म्हणून आपण आता ठरवू या’ याने करण्याची फार सवय असते. त्याऐवजी ‘इथे देवाने काय केले’ यावर थांबून पाहा.

पुढची 25 मिनिटे लहान गट, आणि सगळ्यात जास्त काम इथे होते. 6 ते 8 जण, मुलगे आणि मुली वेगवेगळे, प्रत्येक गटाला दोन मोठी माणसे, आणि गट निदान वर्षभर तोच. वेस्लींच्या लोकांनी 1742 पासून सुमारे 12 जणांचे ‘क्लास’ चालवले. सुरुवात ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडायला आठवड्याला एकेक पेनी गोळा करण्यापासून झाली होती, आणि घरोघर गेल्यावर लक्षात आले की खरी गरज माणसाच्या जिवाची विचारपूस करण्याची आहे. आपल्या गटातही हीच विचारपूस हवी. दोन प्रश्न पुरतात: ‘या आठवड्यात कुठे जड गेले?’ आणि ‘आजच्या उताऱ्यातले कोणते वाक्य तुला खरे वाटायला अवघड जाते?’ दुसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. ‘देव माझ्यावर प्रीती करतो’ हे वाक्य किती मुलांना खरे वाटत नाही, हे कळले की पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यासक्रम वेगळा बनवावा लागत नाही. उरलेल्या 10 मिनिटांत 3 मिनिटे पूर्ण शांतता, मग प्रार्थना. ही 3 मिनिटे पहिले महिनाभर फार लांब वाटतील, कोणीतरी हसेलही. चालू द्या.

लहान गट कशाने मोडतो तर चर्चेने. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हं, तिच्या घरी काय चाललंय माहीत आहे ना’ असे म्हणत एका मुलीची गोष्ट रविवारपर्यंत मंडळीच्या महिला संघात पोहोचते. असे एकदा झाले की त्या गटात दोन वर्षे कोणी खरे बोलत नाही. नियम स्पष्ट सांगा: गटातले गटात राहील, प्रार्थना-विनंती ज्याची त्यानेच सांगायची, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचे नाव घालून विनंती टाकायची नाही. पण ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचनही कधी देऊ नका. आधीच सांगा की जीवाला धोका असेल किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर ते मला योग्य ठिकाणी सांगावेच लागेल आणि सांगताना मी तुझ्याबरोबर असेन. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यातून पाळक सुटत नाही आणि मंडळीची अब्रूही आड येऊ शकत नाही. लहानांसाठी मदतवाहिनीचा 1098, आणि आत्महत्येचे विचार किंवा तीव्र नैराश्य असेल तर टेली-मानसचा 14416, हे दोन क्रमांक गटप्रमुखाच्या फोनमध्ये असायलाच हवेत. एकट्या मुलाशी बोलायचे तर दार उघडे ठेवून, दुसरे मोठे माणूस दिसेल अशा जागी. ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्या मुलीला ‘देवाने तुला क्षमा केली, तूही करून टाक’ म्हणून गप्प करणे हा कृपेचा सर्वांत वाईट गैरवापर आहे. कृपा गुन्हा झाकत नाही.

मुलाने स्वतःचे पाप सांगितले तर काय करायचे? बहुतेक प्रमुख इथे गडबडतात. एक तर धक्का बसल्याचे चेहऱ्यावर दिसते, नाहीतर ‘अरे, काही नाही, सगळेच करतात’ असे म्हटले जाते. दोन्हींनी मुलगा रिकाम्या हाताने परत जातो, कारण ‘काही नाही’ म्हटल्यावर क्षमा करायलाही काही उरत नाही. ऐकून घ्या. ‘सांगितलेस, बरे केलेस’ म्हणा. 1 योहान 1:9 (पापे कबूल केली तर देव क्षमा करतो) उघडून त्यालाच वाचायला द्या. मग त्याच्या नावाने मोठ्याने सांगा की येशू ख्रिस्तामुळे तुला क्षमा आहे. हे मोठ्याने सांगणे वगळू नका; रविवारच्या उपासनेत पापकबुलीनंतर पाळक क्षमेचे शब्द उच्चारतात ते याच कारणासाठी, आणि त्या भागाचा अर्थ मुलांना कोणी कधी सांगितलेलाच नसतो. पुढचे पाऊल त्यानंतर, आणि तेही छोटे: रात्री फोन आईच्या खोलीत चार्जिंगला लावणे, उसने घेतलेले 500 रुपये परत करणे, भावाशी बोलणे. आठवड्याने विचारा. पुन्हा पडला असेल तर तेच वचन, तोच क्षमेचा शब्द, आणि त्यात कंटाळा दिसू देऊ नका. व्यसन वाटत असेल तर समुपदेशकाकडे घेऊन जा; प्रार्थना आणि उपचार दोन्ही त्याच देवाच्या हातचे आहेत.

शिबिराबद्दल जरा कडक बोलणे भाग आहे. नेहमीचे वेळापत्रक असे: तीन दिवस, रोज पाच तास झोप, शेवटच्या रात्री शेकोटी, हळू संगीत, आवाहन, रडणे, पुढे येणे. मंगळवारी मूल घरी पोहोचते, शुक्रवारी जुनी सवय परत येते, आणि ‘मी देवाला दिलेला शब्द मोडला’ ही नवी अपराधी भावना वर बसते. पुढच्या मेमध्ये तेच मूल पुन्हा पुढे येते. चौथ्या वर्षी ते शिबिराला येत नाही. त्या रात्री पवित्र आत्मा काम करत नाही असे कोणीही म्हणू नये. पण थकलेल्या शरीराचे रडणे आणि पश्चात्ताप यांतला फरक त्या मुलालाही कळत नाही आणि आपल्यालाही. म्हणून रचना बदला. कृपेचा विषय पहिल्याच संध्याकाळी घ्या, म्हणजे त्यावर बोलायला दोन दिवस मिळतील. झोप किमान सात तास. आवाहन दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्यानंतर, वाद्यांशिवाय. हात वर करायला न सांगता ‘ज्याला बोलायचे आहे त्याने आपल्या गटप्रमुखाकडे दिवसभरात कधीही यावे’ एवढेच सांगा. समर्पण-पत्रावर ‘मी आजपासून...’ ने सुरू होणाऱ्या शपथा नकोत. देवाने माझ्यासाठी काय केले याबद्दल आभाराचे एक वाक्य मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि पत्र स्वतःजवळच ठेवावे. परतल्यावर 48 तासांत त्याच गटप्रमुखाचा फोन, आणि पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला भेट. या सहा आठवड्यांसाठी माणसे नसतील तर शिबिर 60 ऐवजी 25 जणांचे करा.

संघात इतर धर्मांच्या घरांतली मुलेही मित्रांबरोबर येतात. त्यांचे मोकळ्या मनाने स्वागत करा, पण नोकरी, फी, बरे होण्याची हमी असले काहीही आमिष दाखवू नका, आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकांच्या पाठीमागे काहीही करू नका. कृपा फुकट आहे म्हणायचे आणि तिला आमिष जोडायचे, हे एकमेकांना छेद देते.

निकालाचा दिवस घ्या, कारण मंडळी कृपा खरी मानते की नाही हे तरुण त्याच दिवशी ठरवतात. आपल्याकडे जून-जुलैत गुणगौरव समारंभ होतो: उपासनेनंतर 80 टक्क्यांवरच्यांना पुष्पगुच्छ, फोटो, टाळ्या. नापास झालेला त्या रविवारी घरी बसतो, आणि बहुधा पुढचे तीन-चार रविवारही. सत्कार बंद करा असे म्हणणे नाही. मुलांनी मेहनत केली आहे. तो उपासनेच्या बाहेर, दुसऱ्या दिवशी करा. आणि निकालाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रमुखाने पहिले पाऊल नापास झालेल्याच्या घरी टाकावे. तिथे ‘देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य बोलू नका. चहा प्या, पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख माहीत करून घेऊन जा, वडील रागावलेले असतील तर थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. रोम 5:8 (आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला) वरच्या दहा प्रवचनांनी जे समजत नाही ते त्या अर्ध्या तासात समजते.

प्रभुभोजन तरुणांच्या कामातून जवळजवळ गळूनच गेले आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या, वर्गात त्याची माहिती दिली जाते आणि पुढे ‘अयोग्य रीतीने घेऊ नका’ एवढाच इशारा लक्षात राहतो. मग आठवडा वाईट गेलेला तरुण मागच्या बाकावर बसून राहतो, म्हणजे ज्याला भाकरीची सर्वांत जास्त गरज तोच उपाशी. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी पाळकसाहेबांना संघात बोलवा, पाऊण तास फक्त यावर: येशूने पहिल्यांदा भाकर मोडली त्या मेजावर पेत्र होता, आणि त्याच रात्री तो आपल्याला नाकारणार हे येशूला ठाऊक होते. योहान 18 मधली कोळशाची शेकोटी, जिथे पेत्राने नाकारले, आणि योहान 21 मधली कोळशाची शेकोटी, जिथे येशूने त्याच्यासाठी न्याहारी तयार ठेवली, या दोन जागा एकापुढे एक वाचा. कोणाला दृढीकरणाआधी भाग घेता येतो याबाबत प्रत्येक मंडळीचा नियम वेगळा आहे, तो पाळा. ज्यांना भाग घेता येत नाही त्यांच्यासाठी निदान डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मागता येईल का, हे पाळकांना विचारा.

वडील मंडळींकडून एक आक्षेप नक्की येईल: इतकी कृपा सांगितली तर पोरे मोकाट सुटतील. पौलालाही हाच प्रश्न विचारला गेला होता, रोम 6 ची सुरुवात त्यानेच होते. त्यांना तीत 2:11-12 दाखवा: अभक्तीला नाही म्हणायला तिथे कृपाच शिकवते. धाकाने सुधारलेला मुलगा वसतिगृहात किंवा नोकरीच्या गावी गेला की महिनाभरात धाक संपतो. ज्याला क्षमा भेटली आहे तो तिथेही चर्च शोधतो, कारण तिथे त्याचे काहीतरी आहे.

आता जो मुलगा चार महिने आलाच नाही त्याच्याकडे जायचे आहे. दोघांनी जा, रविवार सोडून दुसऱ्या दिवशी, आधी फोन करून. ‘का येत नाहीस’ हा प्रश्न विचारू नका, त्याने तो मनात शंभरदा ऐकलेला असतो. त्याच्या कामाबद्दल, आईच्या तब्येतीबद्दल विचारा. निघताना प्रार्थना करू का असे विचारा. नको म्हणाला तर मान द्या आणि हसून निघा. तीन आठवड्यांनी पुन्हा जा. बहुतेक प्रमुख पहिल्या भेटीनंतर थांबतात, म्हणून दुसऱ्या भेटीची तारीख पहिल्या भेटीहून परत येतानाच वहीत लिहा.